माणसं टिकवायची तर बजेट कुठे घालायचं: पगार, काउंटर ऑफर, बोनस की वेळेची मोकळीक?

टीममधून लागोपाठ दोन-तीन राजीनामे आले की वरून पहिला प्रश्न ठरलेला, "पगार वाढवला तर थांबतील का?" आता बजेट तर एकच, त्यात सगळं बसत नाही, म्हणून हे चार पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघतोय. यातले तीन मी स्वतः करून पाहिलेत, एक तर चांगलाच अंगलट आलाय.

पगारवाढ. पैशाने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फोर्डचं उदाहरण घ्या, १९१३ मध्ये तिथे माणसं इतकी सोडून जायची की साधारण १४ हजारांचं मनुष्यबळ टिकवायला वर्षभरात ५२ हजार लोक भरती करावे लागले. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त, शिवाय दिवस ९ तासांवरून ८ वर आणला, आणि गळती झपाट्याने खाली आली. (त्या ५ डॉलरमधला मोठा हिस्सा नफ्याचा वाटा म्हणून होता आणि तो मिळायला कंपनीचे लोक घरी येऊन तुम्ही नीट राहता का ते तपासायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.) म्हणजे तुमचा पगार बाजारापेक्षा कमी असेल तर बाकी काहीही करण्याआधी तो नीट करा, तिथे टीम आउटिंग आणि वाढदिवसाचा केक कामाचा नाही. पण पगार बाजाराच्या बरोबरीचा असेल तर वाढीचा आनंद दोन-तीन पगारांपुरताच, नंतर तो आकडा सवयीचा होतो. फ्रेडरिक हर्झबर्ग हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५९ मध्ये हेच मांडत होता, पगार कमी असला की माणूस नाराज होतो, पण पुरेसा झाला म्हणून कामात जीव ओततो असं नाही, ते येतं कामातून, जबाबदारीतून, कुणीतरी दखल घेतल्यातून. त्याच्या पद्धतीवर टीका बरीच झाली, पण टीम चालवणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

काउंटर ऑफर, म्हणजे राजीनामा देणाऱ्याला थांबवायला पगार वाढवून देणं. ही माझी चूक. एक चांगला मुलगा राजीनामा घेऊन आला, मी घाबरून दोन दिवसांत मोठी वाढ मंजूर करून आणली, तो थांबला आणि मी खुश. तो आकडा टीममध्ये पसरायला आठवडाही लागला नाही, मग शेजारी बसणारी, त्याच्याइतकंच काम करणारी मुलगी केबिनमध्ये आली आणि शांतपणे म्हणाली, "सर, मी पण राजीनामा टाकायचा का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तो मुलगा? सहा महिन्यांत गेलाच, कारण त्याला पैसे नको होते असं नाही पण खरं कारण त्याचं तेच तेच काम होतं, ते मी बदललंच नव्हतं. त्यामुळे माझ्या लेखी हा पर्याय सगळ्यात शेवटी.

रिटेन्शन बोनस, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत थांबलात तर मिळणारे पैसे, याच्यापेक्षा बरा, पण फक्त जिथे शेवटची तारीख माहीत आहे तिथे, म्हणजे प्रोजेक्ट संपेपर्यंत किंवा कंपनी विकली जात असताना. एरवी लोक बोनसची तारीख कॅलेंडरवर लावून ठेवतात आणि पैसे खात्यात पडले की दुसऱ्या दिवशी मेल येतो.

वेळेची मोकळीक. याचा खर्च सगळ्यात कमी आणि विरोध सगळ्यात जास्त, तोही मधल्या फळीतल्या मॅनेजरांचा. ट्रिप डॉट कॉम या चिनी ट्रॅव्हल कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला, जन्मतारीख सम की विषम यावर दोन गट पाडले, एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम आणि दुसरा गट पाचही दिवस ऑफिसात. २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निकाल छापून आले, घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं, कामगिरीत फरक नाही, आणि फायदा जास्त दिसला तो मॅनेजर नसलेल्यांत, बायकांत आणि लांबून येणाऱ्यांत. प्रयोगाआधी काम घसरेल असं म्हणणाऱ्या मॅनेजरांचं मतही नंतर बदललं. अर्थात मशीनवर किंवा काउंटरवर उभं राहायचं काम असेल तर घरून काम शक्यच नाही, तिथे शिफ्ट आधी कळणं आणि आपसात बदलता येणं, एवढं दिलं तरी खूप.

तर माझा क्रम असा: पगार बाजाराला आणा, मग मोकळीक, बोनस कधीतरी, काउंटर ऑफर शक्यतो नाहीच. पण त्याआधी जे अजून आहेत त्यांना विचारा, एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे नोकरी सोडताना घेतात त्या मुलाखतीत, माणूस गोड बोलून निघून जातो. मी एकेकाला बसवून विचारलं, "गेल्या महिन्यात नोकरी सोडावी असं कधी वाटलं?" मला वाटलं पगार, प्रमोशन असलं काही येईल. एक जण जरा घुटमळला आणि म्हणाला, "रविवारी रात्री तुमचा मेसेज येतो ना सर, तेव्हा." मी ते मेसेज आता सोमवारी सकाळी जातील असे शेड्यूल करून ठेवतो.