प्रतिकारशक्तीच्या नावाने विकले जाणारे आयोडीनचे थेंब : सहा आठवड्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

सर्दी-खोकल्याच्या दिवसांत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या पूरकांमध्ये आता आयोडीनच्या थेंबांचीही भर पडली आहे. अशीच एक बाटली मी सहा आठवडे वापरली आणि वापराच्या आधी व नंतर थायरॉइडची रक्ततपासणी करून घेतली. हेच घटक आणि हेच दावे असलेल्या बाटल्या अनेक उत्पादक विकतात, म्हणून येथे नाव कोणाचेच देत नाही. जे लिहिते आहे ते या प्रकारच्या बहुतेक बाटल्यांना लागू पडेल.

वस्तू म्हणून बाटलीबद्दल तक्रार नाही. प्रकाशापासून बचाव व्हावा म्हणून तपकिरी काच वापरली आहे, ड्रॉपर नीट बसतो, थेंब सारख्या आकाराचे पडतात. पाण्यात घातल्यावर फिकट पिवळा रंग येतो आणि जिभेवर काही वेळ धातूसारखी चव रेंगाळते. पहिल्याच दिवशी एक थेंब टिपणवहीच्या कागदावर पडला आणि पाहता पाहता तेथे निळा-काळा डाग उमटला. कागदाला खळ म्हणून लावलेल्या स्टार्चशी आयोडीनचा संयोग झाला की हा रंग येतो. बाटलीत खरोखरच आयोडीन आहे, याची इतकी सोपी खातरजमा दुसऱ्या कोणत्या पूरकाची क्वचितच होत असेल.

माझा आक्षेप लेबलाला आहे. दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत ‘प्रतिकारशक्तीसाठी’ असे लिहिले आहे. मागे बारीक अक्षरांत एका थेंबात १ मिलिग्रॅम आयोडीन आणि रोजची मात्रा ३ थेंब अशी नोंद आहे. प्रौढ माणसाची आयोडीनची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम इतकीच असते. म्हणजे ३ थेंबांतून मिळणारे ३००० मायक्रोग्रॅम हे गरजेच्या वीसपट झाले, आणि अमेरिकेत प्रौढांसाठी सुरक्षित मानलेल्या ११०० मायक्रोग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या पावणेतीनपट. युरोपात तर ही मर्यादा ६०० मायक्रोग्रॅमच आहे. गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजायची आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये छापायची, यात ग्राहकाची फसगत होते. ‘१ मिलिग्रॅम’ हा आकडा दिसायला अगदीच किरकोळ वाटतो. मलाही तो तसाच वाटला, आणि हा सगळा हिशेब मी दुसरा रिपोर्ट हाती आल्यावर मांडला.

आता मूळ दाव्याकडे वळू, कारण तो सर्वस्वी खोटा नाही आणि म्हणूनच तपासून पाहण्याजोगा आहे. प्रौढ शरीरात एकूण आयोडीन साधारण १५ ते २० मिलिग्रॅम असते आणि त्यातला बहुतांश वाटा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठवलेला असतो. ही ग्रंथी त्यापासून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके बनवते. नावातला आकडा म्हणजे रेणूतल्या आयोडीनच्या अणूंची संख्या. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी या संप्रेरकांच्या तालावर चालते, आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्याला अपवाद नाहीत. त्यामुळे आयोडीनची खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढण्याचा लाभ प्रतिकारशक्तीलाही होतो, असे म्हणता येते. शिवाय लाळेत आणि श्वसनमार्गाच्या स्रावात पेरॉक्सिडेज नावाची विकरे असतात, आणि आयोडाइड उपलब्ध असेल तर ती त्यापासून जंतुनाशक संयुगे तयार करू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु परीक्षानळीत दिसलेल्या या क्रियेवरून गरज भागलेल्या माणसाने वीसपट आयोडीन घेतल्यास त्याला सर्दी कमी होईल असा निष्कर्ष काढणे, ही फार लांबची उडी आहे. जखमेवर लावायचे आयोडीन जंतू मारते म्हणून पोटात घेतलेले आयोडीनही आत जाऊन जंतू मारेल, ही समजूत तर पूर्णपणे चुकीची आहे. पोटात गेलेल्या आयोडीनचे आयोडाइड होते आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास लघवीवाटे बाहेर पडते.

माझ्या बाबतीत काय झाले, ते सांगते. चौथ्या आठवड्यात मला नेहमीसारखीच सर्दी झाली. एका माणसाच्या एका सर्दीवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तिला मी महत्त्व देत नाही. मात्र सुरुवातीला २.१ असलेला टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की रक्तात ते वाढते) सहा आठवड्यांनी ७.८ झाला होता, आणि त्याच सुमारास दुपारी अंग जड होणे, थंडी वाजणे, हे जाणवू लागले होते. डॉक्टरांनी थेंब बंद करायला सांगितले आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) तपासणी करून घेतली. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे माझ्याच प्रतिकार यंत्रणेचा थायरॉइडवर आधीपासून सौम्य हल्ला चालू होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने ज्याचे वर्णन केले, त्याच विकाराची ही सुरुवात होती.

एकदम जास्त आयोडीन मिळाले की थायरॉइड संप्रेरक बनवणे तात्पुरते थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ साली हे दाखवून दिले. निरोगी ग्रंथी काही दिवसांत यातून सावरते. आधीच दुखावलेल्या ग्रंथीला ते जमत नाही आणि संप्रेरकाची पातळी घसरते. उलट काही जणांची ग्रंथी, विशेषतः गाठी असलेली, अतिरिक्त आयोडीन मिळताच बेसुमार संप्रेरक तयार करू लागते आणि छातीत धडधड सुरू होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या प्रथिनावर ग्रंथी आयोडीन बसवते, त्यावर ते जितके जास्त बसते तितके ते प्रथिन प्रतिकार यंत्रणेच्या नजरेत भरण्याची शक्यता वाढते. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात अगदी बेताने आयोडीन घालणे सक्तीचे झाल्यानंतरही लोकांमध्ये थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले आढळले. प्रतिकारशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटलीवर या धोक्याचा एका शब्दानेही उल्लेख नसावा, हे मला अक्षम्य वाटते.

पण म्हणून आयोडीनला शत्रू समजू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड संप्रेरकांवर अवलंबून असते आणि तेव्हा पडलेली तूट पुढे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवती व स्तनदा मातांसाठी रोज २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे ती यासाठीच. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत मिठातून आयोडीन द्यायला सुरुवात झाली आणि पिढ्यानपिढ्या दिसणारे गलगंड पाहता पाहता कमी झाले. आजही बहुतेकांसाठी आयोडीनयुक्त मीठ हाच उत्तम मार्ग आहे. मात्र मीठ वाढवायचे नाही, खातो तेच आयोडीनयुक्त असावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घालावे. सैंधव किंवा साधे समुद्री मीठ ‘नैसर्गिक’ असले तरी त्यात आयोडीन नगण्य असते. जे असे मीठ वापरतात आणि दूध, अंडी, मासेही खात नाहीत, त्यांना किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांना पूरकाची गरज पडू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारून पोटॅशियम आयोडाइडची १५० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीनचे प्रमाण फार कमी-जास्त असते, त्यामुळे त्या मी सुचवणार नाही. त्वचेवर आयोडीनचा ठिपका लावून तो किती लवकर पुसट होतो यावरून कमतरता ओळखण्याची जी चाचणी या थेंबांसोबतच्या माहितीपत्रकात दिली आहे, तिला काहीही आधार नाही. बराचसा ठिपका हवेत उडून जातो.

पाच तारकांपैकी मी या उत्पादनाला एक तारका देते, तीही लेबलावर लिहिलेले आयोडीन बाटलीत खरोखर आहे म्हणून. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये छापावी आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांसाठी दर्शनी बाजूस इशारा द्यावा, असे मी उत्पादकाला लेखी कळवले आहे. थेंब बंद करून दोन महिने झाल्यावर माझा टीएसएच ३.० वर आला. प्रतिपिंड अजून आहेत, आणि डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी तपासणी सांगितली आहे.