डेंड्रोबियमच्या कुंडीत सोडण की कोळसा?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत गॅलरीत ऑर्किड लावायचं ठरलं की बहुतेकांची पहिली खरेदी डेंड्रोबियमची असते, त्यातही जांभळ्या-पांढऱ्या ‘सोनिया’ची. रोप निवडणं सोपं. घोडं अडतं ते कुंडीत काय भरायचं इथे. माती चालत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. उरतात दोन पर्याय: नारळाची सोडणं, नाहीतर लाकडी कोळसा आणि विटेचे तुकडे. दोन्हींत झाड जगतं, दोन्हींत फुलतं. फरक कळतो तो दुसऱ्या पावसाळ्यात, आणि माझा कल कोळशाकडे झुकला तो त्या एका कारणाने.

सोडणाची बाजू लंगडी मुळीच नाही. थायलंडमधले डेंड्रोबियमचे कितीतरी मळे सोडणांवरच पिकतात. सोडण पाणी धरून ठेवतं, मुळांना रुतायला काथ्या देतं, झाड लवकर घट्ट बसतं. सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याला मार्च ते मे एकवेळच्या पाण्यावर निभावता येतं, हा मोठाच दिलासा. खतही ते धरून ठेवतं: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा दिलं तरी पुरतं. पण मळ्यात ही सोडणं जमिनीपासून उंच बाकांवर मांडलेली असतात, खालून-वरून वारा लागतो. आपल्याकडे ती पाच इंची कुंडीत कोंबलेली, कुंडी ग्रिलमध्ये, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाऊस.

तोही वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पहिल्या वर्षी काथ्या ताठ असतो, तुकड्यांमधून हवा खेळते, पावसाळा निभावतो आणि आपण निर्धास्त होतो. पुढच्या जुलैत तेच सोडण आतून बसलेलं असतं. दोन दिवस उघडीप मिळाली की वरचा थर कोरडा, फिकट तपकिरी दिसतो, गाभा ओलाच. बांबूची बारीक काडी मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा, ती काळपट आणि ओली निघते. गाभ्यातला तुकडा दोन बोटांत दाबला की चहाच्या रंगाचं पाणी येतं आणि लगदा बोटांना चिकटतो. त्यातलं एखादं मूळ हलकेच ओढलं तर बाहेरचं आवरण मोज्यासारखं सरकून हातात येतं, मागे दोऱ्यासारखी शीर उरते. ते स्पंजासारखं आवरण म्हणजेच मुळाचं पाणी पिण्याचं अंग: मृत पेशींचे थर, ओले असताना हिरवट, सुकले की रुपेरी. त्याला भिजणं लागतं तितकंच सुकणंही लागतं. सुकायला मिळालं नाही की मुळाला हवा मिळत नाही आणि कूज लागते.

जाच खरा पुढे आहे. जुलै-ऑगस्टमध्येच नवी दांडी, म्हणजे झाडाचं उसासारखं खोड, भरत असते आणि पुढचा फुलोरा तिच्यावर अवलंबून असतो. तेव्हा कुंडी बदलावी तर काथ्यात घुसलेली चांगली मुळंही लगद्याबरोबर तुटतात. न बदलावी तर कूज दांडीच्या बुडापर्यंत चढते. दोन्हीकडून नुकसान झाडाचंच. दर वर्षी एप्रिलमध्ये न चुकता सोडण बदललं तर हा प्रसंग येत नाही, हे खरं. पण दर वर्षी मुळांची उपटाउपट डेंड्रोबियमला मानवत नाही.

कोळसा कुजत नाही. एवढ्या एका गुणाने कुंडीला तीन-चार वर्षं हात लावावा लागत नाही, आणि तेवढ्या काळात मुळं कोळशाला अशी चिकटतात की रोप उचललं तर तुकडे लोंबकळत वर येतात. धो-धो पावसात पाणी वरून येतं, खालून जातं. उघडीप पडली की काही तासांत मुळं रुपेरी होतात. आपल्या संकरित डेंड्रोबियमच्या पूर्वजांपैकी एक, डेंड्रोबियम बिगिबम, उत्तर ऑस्ट्रेलियातला: पावसाळ्यात चिंब आणि मग कोरडे महिने. भिजून लगेच सुकणं त्याच्या वंशजांना मानवतं ते त्यामुळेच असावं.

मात्र कोळसा घेताना चूक होते. हवा तो लाकूड जाळून केलेला लोणारी कोळसा, तंदूरवाल्याकडे किंवा इस्त्रीवाल्याकडे असतो तो. दगडी कोळसा नको, बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या तर नकोच. पाण्यात त्यांचा चिखल होतो. तुकडे २ ते ३ सेंटिमीटरचे करावेत, भुकटी चाळून टाकावी आणि रात्रभर भिजत घालावेत. कोरडा कोळसा पहिल्या काही दिवसांत मुळांच्या वाट्याचं पाणी स्वतःच पितो. वीट पक्की भाजलेली, ठोकल्यावर खणखणीत वाजणारी हवी. पिवळट, अर्धवट भाजलेली वीट कुंडीत विरघळून तळाची भोकं बुजवते. सिमेंट किंवा चुना लागलेले तुकडे घेऊ नयेत. दोन भाग कोळशाला एक भाग वीट. वीट वजनासाठी, नाहीतर मे अखेरच्या वावटळीत हलकी कुंडी आडवी होते.

दुसरी चूक झाड सैल ठेवण्याची. कोळसा रोपाला धरत नाही. रोप वर ठेवून, दांड्यांची बुडं तुकड्यांच्या वर राहतील अशा बेताने, काठीला सुती दोऱ्याने दोन ठिकाणी बांधावं. वाऱ्याने ते हललं की नव्या मुळांची हिरवी टोकं तुकड्यांवर घासून काळी पडतात. टोक गेलं की मुळाची वाढ थांबते.

आणि पाणी. इथे कोळसा हक्काने राबवून घेतो. मार्च ते मे रोज दोनदा, संध्याकाळचं फक्त मुळांना, पानांच्या बेचक्यात नाही. खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. पावसाळ्यात उघडीप बघून. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कोळशावर पांढरा थर धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा साधं पाणी मिनिटभर भरपूर ओतून क्षार धुवून काढावेत. मोरबे किंवा भातसा धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ही काळजी कमी. उन्हाळ्यात चार दिवस गावाला जायचं असेल तर मात्र अडचण होते. त्यावर तोड म्हणजे मार्चमध्ये वरून मॉसचा (सुकवलेल्या शेवाळाचा) बोटभर थर द्यायचा आणि पहिल्या सरींच्या आत आठवणीने काढायचा.

सोडणच घ्यायचं ठरलं, तर सुकं तपकिरी घ्या. शहाळ्याचं मऊ असतं आणि लवकर सडतं. दोन-अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापून तीन दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. शेवटच्या रात्री लिटरला ४ ते ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घाला आणि सकाळी स्वच्छ धुवा. सोडणात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, ते असे निघतात. न धुतलेल्या सोडणात मुळांची टोकं करपतात, शिवाय आठवडाभर तांबूस पाणी गळून खालच्या मजल्यावरच्या दोरीवरचे कपडे डागाळतात. चपट्या शंखाच्या बारीक गोगलगायी सोडणात सहज दडतात. रात्री काकडीची चकती ठेवून सकाळी गोळा करणं बरं. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात मांजर-कुत्रं असेल तर धोक्याच्या.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर सरकत्या काचांची गॅलरी असेल, पाऊस आत येत नसेल आणि वारा दिवसभर वाहत असेल, तर सोडण चालून जाईल, कदाचित सोयीचंही पडेल. उपवन, खारघर, बेलापूरच्या डोंगराकडच्या बाजूला, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, उघड्या ग्रिलमध्ये मात्र मी कोळसाच सुचवीन. अर्धं-अर्धं मिसळून मधला मार्ग निघेल असं वाटतं, पण अशा कुंडीचं आयुष्य सोडणाइतकंच ठरतं. लगदा झाला की कोळशाच्या फटीही तोच बुजवतो.

सोडणातून कोळशात हलवायचं तर नव्या फुटव्याची मुळं १ ते २ सेंटिमीटर झालेली असताना, शक्यतो एप्रिलमध्ये. ओल्या माध्यमात वाढलेली जुनी मुळं कोळशात बरीचशी मरतात. नवी मुळं सुरुवातीपासून त्यातच वाढली की रुळतात. रोप अर्धा तास भिजवून सुटं सोडण काढावं. चिकटलेला काथ्या ओढू नये, कात्रीने कापून मुळाला तसाच राहू द्यावा. कात्री प्रत्येक झाडामागे ज्योतीवर धरावी. कुजकं कापून कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या, लिटरला २ ग्रॅमच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवावं, एक दिवस सावलीत सुकवून मग लावावं. खत नवी मुळं कोळशात वाढू लागेपर्यंत बंद.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांमध्ये मात्र एकदा बोट घालून बघा. लहानपणी ते सोडणाच्या किंवा मॉसच्या छोट्या गठ्ठ्यात वाढवलेलं असतं आणि तो गठ्ठा मुळांच्या मध्यावर तसाच राहतो. भोवती कितीही स्वच्छ कोळसा भरला तरी जुलैत कूज सुरू होते ती तिथून. चिमट्याने, थोडं थोडं, पाऊस यायच्या आत तो काढून घ्या.