‘प्युअर वूल’ कोटाच्या नावाखाली १०,३६० रुपये गेले

भाचा शिकायला जर्मनीला निघालेला, म्हणून त्याचा कोट घरीच शिवायचं ठरवलं. (इथं थंडी असते ती जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपुरती, त्यामुळे सोलापुरात कोट शिवणारी बाई म्हणून सगळ्यांनी हसून घेतलंय, तुम्हीही घ्या.) नवी पेठेत जाड लोकरी कापड मिळेना. मग इन्स्टाग्रामवरच्या एका पेजकडून साडेतीन मीटर मागवलं. मीटरला १,३०० प्रमाणे ४,५५०, कोटाचा पॅटर्न ४५०, कुरिअर १८०. एकूण ५,१८० रुपये, आगाऊ, यूपीआयवर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी काही डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत. धागा जाळून दाखवा, असं मीच म्हटलं. पेजवाल्यानं लगेच व्हिडिओ पाठवला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. व्हिडिओत धागा आक्रसला, वितळला, टोकाला काळा चकचकीत मणी झाला. तो मणी मी बघितला! त्यानं तर तो नखानं टकटक वाजवून दाखवला, वर ‘बघा ताई, एकदम प्युअर’. पॉलिस्टर असंच जळतं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण सात सेकंदांचा व्हिडिओ, तळहाताएवढा पडदा, आणि फोनमधून वास थोडाच येतो? माझ्या जागी कुणीही फसलं असतं.

पॅटर्नची तर कमालच. छपाई बरोबर मापात आलीय का, ते मोजून बघायचा चौकोन कुठल्याच पानावर नाही. तो नसलेला पॅटर्न फुकटातही घेऊ नका. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठा लागतो, तेव्हा कोटाचा खांदा बसतो. इथं उलट इंचभर कमी! आधी मांजरपाटाचा नमुना शिवला म्हणून कळलं.

पैसे परत मागितले तर ‘हा कोड स्कॅन करा, रिफंड येईल’. भाच्याची निघायची घाई, घरात बॅगांचा पसारा, त्यात तो माणूस फोन सोडेना. पिन टाकला आणि आणखी ५,१८० गेले. पैसे येताना पिन लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या.

आता यंत्रणेचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, ‘कापड मिळालं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा.’ पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं तक्रारीचं शुल्क नाही, हे खरं. पण विक्रेत्याचा पत्ता लिहायचा कुठून? माझ्याकडे नुसता मोबाईल नंबर. त्याचा मालक शोधणार पोलीस, आणि पोलीस म्हणतात आयोगात जा! बँकेतल्या साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, ‘पिन तुम्हीच टाकलाय, मॅडम.’ म्हणजे चोर मीच. रिफंडच्या नावानं गेलेल्या पैशांची तक्रार तरी घ्या म्हटलं, तर हवालदार विचारतो, ‘एवढे पैसे घालून कोट शिवायचाच कशाला? रेडिमेड मिळतो की.’ गणवेश शिवून देशभर पाठवणाऱ्या गावात हे ऐकून घ्यायचं!

पैसे गेले की त्याच क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, आधी नवऱ्याला सांगत बसू नका. चॅट पुसू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

ते पेज आता नाव बदलून ‘शाली व कोटिंग’ विकतंय, व्हिडिओ तोच. कुणी मागवलं असेल तर इथं लिहा, एकत्र तक्रार देऊ. एकटीला कुणी खुर्चीसुद्धा देत नाही.