बुडालेले क्रिप्टो सोडवून देणारी सेवा : एकाच नुकसानीचे दोन अहवाल

परदेशी गुंतवणूक प्लॅटफॉर्मवर बुडालेले क्रिप्टोचलन परत मिळवून देतो, असे सांगणाऱ्या एका कंपनीची सेवा मी गेल्या वर्षी घेतली. पैसे माझ्या थोरल्या भावाचे होते. परंतु कंपनी शोधण्याचे, तिच्याशी बोलण्याचे आणि तिला आगाऊ रक्कम देण्याचे काम मी केले, त्यामुळे हा दुसरा तोटा माझ्या हातून झाला असेच मी मानते. कंपनीचे नाव देत नाही. तिचे संकेतस्थळ आता बंद आहे आणि तोच मजकूर, तीच छायाचित्रे मी पुढे निराळ्या नावाच्या संकेतस्थळावर पाहिली आहेत. नाव बदलते, पद्धत बदलत नाही, म्हणून येथे पद्धतीविषयीच सविस्तर लिहिते.

मूळ फसवणूक थोडक्यात सांगते. एका मेसेजिंग ग्रुपवरून दादाला परदेशी ट्रेडिंग प्लॅटफॉर्मची ओळख झाली. सुरुवातीला त्याने गुंतवलेल्यातून २०० टेदर काढून पाहिले आणि ते खरोखर त्याच्या वॉलेटमध्ये (क्रिप्टोचलन ठेवण्याच्या डिजिटल पाकिटात) आले, त्यामुळे त्याचा विश्वास बसला. त्यानंतर सात वेळा मिळून त्याने ४१,००० टेदर पाठवले. टेदर, म्हणजेच यूएसडीटी, हे डॉलरशी बांधलेले चलन आहे (एक टेदर म्हणजे साधारण एक डॉलर), त्यामुळे रकमेचा अंदाज कोणालाही येईल. पैसे काढायला गेल्यावर आधी कर भरा, असा निरोप आला. कर नफ्यातून कापून घ्या, असे दादाने कळवल्यावर त्याचे खाते बंद झाले आणि ग्रुपमधून त्याला काढून टाकले.

यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी त्या कंपनीशी संपर्क साधला. इंटरनेटवर शोधले असता तिची जाहिरात सर्वांत वर आली होती. संकेतस्थळावर परदेशातील कार्यालयाचा पत्ता, वकिलांची छायाचित्रे आणि ९५ टक्के प्रकरणांत पैसे परत मिळाल्याचा दावा होता. फोनवर बोलणारा गृहस्थ अतिशय सौम्य होता. त्याने दादाची चौकशी केली, त्याला दोष देऊ नका असे मला बजावले आणि मगच शुल्क सांगितले : आगाऊ १,५०० टेदर आणि पैसे परत मिळाल्यावर दहा टक्के. घरातल्या कोणीही तोवर दादाशी इतक्या समजुतीने बोलले नव्हते, हे मला मान्य करावे लागेल, आणि मी पैसे दिले ते बऱ्याच अंशी त्या बोलण्यामुळे. शुल्क बँकेतून नको, क्रिप्टोमध्येच हवे, या अटीपाशी मी थांबायला हवे होते.

पाच दिवसांनी चौदा पानांचा अहवाल आला. त्यात रंगीत चौकोन, बाण, वॉलेटचे पत्ते आणि शेवटी 'निधी सापडला' असा शिक्का होता. सोबत एका पानाची लिंक दिली होती. तिथे लॉग-इन केल्यावर दादाचे नाव, ४१,००० ही रक्कम आणि खाली एक हिरवी पट्टी दिसे : परतावा ६२ टक्के पूर्ण. दादा तासातासाला ते पान उघडत असे. दुसऱ्या दिवशी पट्टी ६८ वर गेली तेव्हा कित्येक आठवड्यांनंतर तो पोटभर जेवला. त्याच संध्याकाळी कंपनीचा संदेश आला, की निधी 'ब्लॉकचेन होल्ड वॉलेट'मध्ये अडकला आहे आणि तो सोडवण्यासाठी ३,२०० टेदर इतके सक्रियीकरण शुल्क भरावे लागेल. सोबत आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेचे वाटावे असे, मोहोर असलेले पत्र होते. ब्लॉकचेनवरचा, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीवरचा, पैसा अडवून शुल्क घेऊन सोडणारी अशी संस्था जगात कुठेही नाही.

ही मागणी आल्यावर मी तो अहवाल स्वतः तपासायला बसले. दादाने टेदर ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेन नेटवर्कवरून पाठवले होते आणि ट्रॉनवरचा प्रत्येक व्यवहार ट्रॉनस्कॅनसारख्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. आपल्या वॉलेटच्या नोंदीतून ६४ अक्षर-अंकांचा व्यवहार क्रमांक घेऊन तिथे टाकला की पैसा कोणत्या पत्त्यावर गेला, किती वाजता गेला आणि तिथून पुढे कुठे सरकला, हे समोर येते. दादाने एका दुपारी पाठवलेले ६,००० टेदर अकरा मिनिटांत पुढच्या पत्त्यावर गेले होते. तिथे त्याच दिवशी आणखी चार ठिकाणांहून रकमा आल्या होत्या, आणि ती चारही माणसे दादासारखीच कुठेतरी बसून आकडे वाढताना पाहत असतील, हे लक्षात आल्यावर मला ते पान काही वेळ बंद करावे लागले. रात्री ती सगळी रक्कम एकत्र होऊन एका मोठ्या एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या) जमा-पत्त्याकडे गेली होती. चौदा पानांच्या अहवालात मात्र पहिल्या दोन पायऱ्यांपलीकडे काहीही नव्हते. ज्या 'होल्ड वॉलेट'चा पत्ता दिला होता, त्याचा दादाच्या पैशांशी संबंध दाखवणारा एकही व्यवहार मला सापडला नाही. मी फोनवर हे विचारले तेव्हा तो सौम्य आवाज बदलला आणि ४८ तासांत शुल्क न भरल्यास निधी कायमचा जळून जाईल, असे मला सांगण्यात आले. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

अशी कंपनी पैसे परत का आणू शकत नाही, हे नीट समजून घेतले तर तिच्या प्रत्येक आश्वासनाची परीक्षा करता येते. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार कोणालाही उलटवता येत नाही. 'हॅक करून पैसे परत खेचतो' हे सांगणे सरळ खोटे आहे. पैसा ज्या पत्त्यावर आहे तेथून तो हलवायला त्या पत्त्याची खासगी कळ, म्हणजे गुप्त संकेतांक, लागते. अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीने मे २०२१ मध्ये खंडणीखोरांना ७५ बिटकॉइन दिले आणि पुढच्याच महिन्यात त्यातले ६३.७ बिटकॉइन सरकारने परत मिळवले, ते त्या पत्त्याची खासगी कळ एफबीआयच्या हाती आली म्हणून. बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये चोरलेल्या १,१९,७५६ बिटकॉइनपैकी सुमारे ९४,००० बिटकॉइन २०२२ मध्ये जप्त झाले, तेही आरोपीच्या क्लाउड खात्यातील फाइलमध्ये तपास अधिकाऱ्यांना कळा सापडल्या म्हणून. खासगी कंपनीला दुसऱ्याच्या खात्याची झडती घेण्याचा अधिकार नसतो.

टेदरच्या बाबतीत आणखी एक दार आहे आणि ते माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. हे चलन काढणारी कंपनी एखाद्या पत्त्यावरचे टेदर गोठवू शकते. ती सोय चलनाच्या रचनेतच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आग्नेय आशियातील अशाच गुंतवणूक-फसवणुकीच्या टोळीशी निगडित सुमारे २२.५ कोटी टेदर गोठवण्यात आले, आणि जून २०२५ मध्ये तेवढ्याच मोठ्या रकमेच्या जप्तीसाठी अमेरिकी न्याय विभागाने न्यायालयात दावा दाखल केला. एक्स्चेंजही आपल्याकडचे खाते थांबवू शकते, कारण तिथे खातेदाराची ओळखपत्रे असतात. परंतु ही दोन्ही दारे सामान्यतः तपास यंत्रणेच्या किंवा न्यायालयाच्या पत्राने उघडतात. पैसे घेणाऱ्या मध्यस्थाचे पत्र तिथे चालत नाही.

हे सारे कळल्यावर, आणि दादाने रीतसर पोलीस तक्रार नोंदवल्यावर, मी दुसरी सेवा घेतली. तिचेही नाव देत नाही, कारण हा लेख कोणाची शिफारस करण्यासाठी नाही. ही व्यक्ती ब्लॉकचेन व्यवहारांचा माग काढून देणारी विश्लेषक आहे. तिने पहिल्याच भेटीत सांगितले, की पैसे परत मिळतील असे मी सांगणार नाही, पैसे कुठे गेले एवढेच दाखवीन, आणि पोलीस तक्रारीचा क्रमांक असल्याशिवाय काम हाती घेणार नाही. लेखी करार झाला, ठरावीक शुल्क बँकेतून दिले आणि टक्केवारीचा विषयच निघाला नाही. तिने वॉलेट उघडून देणारी बारा शब्दांची गुप्त माला मागितली नाही, स्क्रीन शेअर करायला सांगितले नाही. व्यवहार क्रमांक आणि संभाषणांचे स्क्रीनशॉट एवढेच घेतले.

तिचा अहवाल सहा पानांचा होता आणि त्यात एकही रंगीत चौकोन नव्हता. सातही व्यवहार तारीख आणि वेळेनिशी मांडलेले होते, प्रत्येकापुढे पुढचा पत्ता होता, आणि कोणत्या पायरीपर्यंतचा निष्कर्ष पक्का आणि कुठून पुढे केवळ शक्यता, हे स्वतंत्र रकान्यात लिहिले होते. पाच व्यवहारांचा पैसा एकाच एक्स्चेंजपर्यंत पोचला होता. दोन व्यवहारांचा पैसा दुसऱ्या ब्लॉकचेनवर गेल्यावर माग तुटला होता. मी पहिल्या कंपनीला दिलेल्या १,५०० टेदरचाही तिने माग काढला. ते त्याच एक्स्चेंजवर गेले होते. टोळी एकच असणार, असे मी लगेच म्हणाले. त्यावर तिने मला थांबवले, की लाखो लोक वापरतात त्या एक्स्चेंजवर दोन चोर गेले म्हणून ते एकमेकांचे ठरत नाहीत. तिच्यावर माझा विश्वास बसला तो या उत्तरामुळे.

सेवेत उणीव नव्हती असे नाही. अहवालाला दहा दिवसांऐवजी तीन आठवडे लागले, आणि अशा प्रकरणात दिवस नव्हे तर तास मोजायचे असतात. पैसा एक्स्चेंजवर पोचल्यापासून तो काढून घेईपर्यंतचा अवधी फार थोडा असतो. दादाने पहिल्याच दिवशी तक्रार केली असती, ज्या एक्स्चेंजवरून त्याने टेदर घेतले होते तिला आणि बँकेला त्याच तासात कळवले असते, तर या अहवालाचा उपयोग कितीतरी अधिक झाला असता. लाजेपोटी त्याने अठरा दिवस कोणालाच सांगितले नाही. त्या अठरा दिवसांचा राग मी त्याच्यावर काढला, याचे मला आज वाईट वाटते.

मधल्या काळात आणखी एक प्रकार घडला. आपण वकिलांच्या कार्यालयातून बोलतो, असे सांगणाऱ्या बाईंचा दादाला फोन आला. ४१,००० हा आकडा त्यांना आधीच ठाऊक होता, सात व्यवहारही ठाऊक होते, आणि शेवटच्या व्यवहाराची तारीख त्यांनी जी चुकीची सांगितली, तीच चूक मी पहिल्या कंपनीचा फॉर्म भरताना केली होती. फसलेल्या माणसांच्या याद्या हातोहात फिरतात, हे त्या एका चुकीच्या तारखेने मला दाखवले. पैसे मिळवून देण्याचा खोटा दावा करणाऱ्या कंपन्यांविषयी एफबीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि बनावट वकील-कार्यालयांविषयी जून २०२४ मध्ये जाहीर इशारे दिले आहेत. ते मी आधी वाचले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पैसे परत मिळतच नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. बिटकनेक्ट या क्रिप्टो गुंतवणूक-फसवणुकीच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ४० हून अधिक देशांतील सुमारे ८०० जणांना १.७ कोटी डॉलर परत देण्याचा आदेश दिला. ती रक्कम आरोपीकडून जप्त केलेल्या क्रिप्टोच्या विक्रीतून आली होती. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच बिटकॉइनला मालमत्ता मानून त्याविषयी मनाई हुकूम दिला आहे, त्यामुळे दिवाणी मार्गही आहे. तो इतका खर्चिक आहे की दादाच्या रकमेसाठी आम्हाला परवडणारा नव्हता. जप्तीनंतरच्या वाटपात नाव लागायचे तर वेळेवर नोंदवलेली तक्रार आणि व्यवहार क्रमांक हाती असावे लागतात. त्या वाटपासाठी सरकारी यंत्रणा पीडितांकडून आगाऊ शुल्क मागत नाही.

पहिल्या कंपनीला मी शून्य गुण देते. विश्लेषकाला पाचपैकी साडेतीन. कापलेले दीड गुण उशिराचे. आज परिस्थिती अशी आहे, की पोलिसांच्या पत्रानंतर एक्स्चेंजने एका खात्यात उरलेले सुमारे २,३०० टेदर थांबवून ठेवले आहेत आणि ते कोणाचे, हे न्यायालयात ठरायचे आहे, कारण त्या खात्यात इतरांचेही पैसे मिसळलेले आहेत. विश्लेषकाचा अहवाल तक्रारीला जोडलेला आहे. पहिल्या कंपनीची चौदा पाने, त्या हिरव्या पट्टीच्या स्क्रीनशॉटसह, मी स्वतंत्र तक्रारीत पुरावा म्हणून दिली आहेत, आणि ती तक्रार दादाच्या नव्हे, माझ्या नावावर आहे.