मुंबई ते न्यूयॉर्क: थेट की दुबईमार्गे?

थेट विमानाचं अंतर साधारण 12,500 किलोमीटर, जायला 15-16 तास. दुबईमार्गे मुंबई-दुबई 1,900 आणि पुढे 11,000. म्हणजे वाट जेमतेम 400 किलोमीटरनी वाढते. वेळ खातो तो मधला थांबा. हवेत सव्वातीन आणि चौदा तास, वर दुबईत तीन-चार. वीस तास कुठेच गेले नाहीत. तिकीट मात्र बऱ्याचदा स्वस्त पडतं, पायही मोकळे होतात. परतताना पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने दोन्ही मार्गांवर वेळ वाचतो. आई-बाबा पहिल्यांदाच नातवंडाला भेटायला निघाले असतील तर मी थेटच काढेन. त्या अवाढव्य विमानतळावर गेट शोधत त्यांनी का फिरावं? एकटा असेन तर दुबई.