फोंड्यातील महिलांचा वक्तृत्व वर्ग : बोलण्याआधी ऐकण्याचे शिक्षण

सभेत बोलण्याची भीती घालवून देणारे वर्ग आता गोव्यातही कमी राहिलेले नाहीत. मात्र त्यांतील बहुतेक वर्गांचे सारे लक्ष बोलणारीचे उच्चार, हातवारे आणि चेहऱ्यावरचे हसू सुधारण्याकडे असते. फोंड्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या घराच्या माडीवर रविवारी भरणारा, केवळ महिलांसाठी असलेला वर्ग याला ठळक अपवाद आहे. या वर्गाला पाटी नाही, नाव नाही आणि जाहिरातही नाही; शिकून गेलेल्या महिलाच इतरांना त्याच्याविषयी सांगतात. आठ रविवार, प्रत्येक वेळी दोन तास आणि एकूण शुल्क १,५०० रुपये असे त्याचे स्वरूप आहे. हा वर्ग पूर्ण केल्यावर माझे मत असे झाले आहे की त्याचे खरे यश बोलण्याच्या धड्यांपेक्षा ऐकण्याच्या धड्यांत आहे.

यामागची बाईंची भूमिका आपल्याकडच्या अनुभवाशी नेमकी जुळते. पौष महिन्यात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागी, धालो हे गाण्यांसह होणारे लोकनृत्य खेळणाऱ्या, चतुर्थीला फुगडी घालणाऱ्या, भजन स्पर्धेत शेकडो लोकांसमोर गळा मोकळा सोडणाऱ्या महिला गोव्याच्या गावोगावी आहेत आणि त्यांना कोणी भित्र्या म्हणणार नाही. त्याच महिला ग्रामसभेत मागच्या खुर्च्यांवर बसतात आणि नळाच्या पाण्याचा प्रश्न स्वतःच्याच घरचा असला तरी तो शेजारच्या पुरुषाच्या कानात सांगतात. मांडावर शब्द पिढ्यांपासून ठरलेले असतात, सोबतीला दहा जणी असतात आणि बघणारे आपलेच असतात. सभेत मात्र शब्द स्वतःचे, उभे राहायचे एकटीने आणि समोरचे लोक आशयाआधी बोलणारीचे वय, पदर आणि सासर जोखणारे. या नजरेची सवय केल्याशिवाय भीती जाणार नाही, आणि ती सवय आपले म्हणणे खरोखर ऐकणाऱ्यांपुढे प्रथम करावी, असे बाई मानतात.

म्हणून पहिल्या दोन रविवारी कोणीही भाषण करत नाही. जोड्या पाडल्या जातात. एकीने दोन मिनिटे बोलायचे आणि दुसरीने ते संपल्यावर आपण काय ऐकले ते तिला सांगायचे. 'छान बोललीस' हे वाक्य वर्गात पूर्ण वर्ज्य आहे, कारण त्यातून बोलणारीच्या हाती काहीच लागत नाही. बोलताना एखादी अडखळून गप्प झाली तर तिला शब्द पुरवायचा नाही, मान हलवून धीर द्यायचा नाही, फक्त तिच्याकडे पाहत थांबायचे, हा नियम सुरुवातीला कठोर वाटतो. परंतु त्या शांततेत काहीही वाईट घडत नाही आणि पुढचे वाक्य आपोआप सापडते, हे एकदा अनुभवल्यावर मौनाचा धसका बराचसा ओसरतो. मला स्वतःला सर्वाधिक उपयोग याच नियमाचा झाला. पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाविषयी प्रश्न विचारायला मी उभी राहिले, तेव्हा मध्येच शब्द थांबला आणि तरीही मी खाली बसले नाही, याचे श्रेय मी त्या माडीवरच्या शांततेला देते.

भीतीची शारीरिक बाजू वर्गात थोडक्यात पण नीट समजावली जाते. अॅड्रेनॅलिनमुळे छातीत धडधड होते, तोंड कोरडे पडते आणि श्वास उथळ होतो. त्यावर श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावणे हा साधा उपाय सांगितला जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली ही अवस्था लोकांना आरपार दिसते आहे असे जे वाटत असते, तो बहुतांशी भ्रम असतो. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, या भ्रमाची कल्पना आधीच दिलेल्या वक्त्यांची भाषणे इतरांच्या तुलनेत सरस ठरली होती. बाई हा प्रयोग सांगून थांबत नाहीत. बोलून झाल्यावर प्रत्येकीने स्वतःची घबराट दहापैकी किती होती आणि ऐकणाऱ्यांना ती किती दिसली, असे दोन्ही आकडे कागदावर लिहायचे असतात. पहिला आकडा जवळपास दर वेळी मोठा निघतो.

क्षमायाचनेविरुद्धचा धडा प्रत्येक महिलेने घ्यावा असा आहे. 'मला काही फारसे बोलता येत नाही, चुकल्यास माफ करा' या वाक्याने सुरुवात करण्याची आपल्याला इतकी सवय आहे की ते आपण म्हटल्याचेही लक्षात येत नाही. येथे ते वाक्य आले की बोलणारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. संपूर्ण भाषण पाठ करू दिले जात नाही, पण पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ असावेच लागते. माइकचा धडाही तितकाच व्यवहारी आहे: बोलायला सुरुवात करण्याआधी स्टँडचा पेच सैल करून माइक आपल्या हनुवटीपर्यंत खाली आणावा, आणि भाषणाचा उंच मेज चेहरा झाकत असेल तर त्याच्या शेजारी येऊन उभे राहावे. आपल्या सभागृहांतील हे मेज उंच पुरुषांना सोयीचे असतात, हे मान्य करण्यात महिलांनी कमीपणा मानू नये.

वेळ दाखवणारी हिरवी, पिवळी आणि लाल कार्डे सभाभाषणाचा सराव करून घेणाऱ्या टोस्टमास्टर्स या संस्थेच्या पद्धतीवरून घेतली आहेत. ही संस्था १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, मात्र महिलांना सदस्यत्व खुले होण्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्यानंतर आजवर गोव्यात दुसरी महिला मुख्यमंत्री झालेली नाही आणि २०२२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या ४० जागांपैकी ३ जागांवर महिला निवडून आल्या. पंचायतींत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव आहेत, पण खुर्ची मिळालेल्या पंच महिलेच्या वतीने नवरा बोलतो असे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणूनच या वर्गात नव्याने निवडून आलेल्या पंच महिला येतात, ही मला अत्यंत समाधानाची गोष्ट वाटते.

भाषेबाबतचे धोरण उदार आहे. घरी कोकणी, लेखनात मराठी आणि कचेरीत इंग्रजी अशी सवय असलेल्या बाईला सभेत उभे राहताच कोणत्या भाषेत बोलावे हाच पहिला अडसर असतो. येथे भाषा आधी ठरवून घ्यायची आणि शेवटपर्यंत सांभाळायची, एवढीच अट आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. रविवारची सकाळ ही वेळ गैरसोयीची आहे, कारण ग्रामसभाही बहुधा रविवारीच असते. तुकडीत वीसहून अधिक जणी घेतल्यामुळे शेवटच्या रविवारी काहींच्या वाट्याला पुरेसा वेळ येत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे मध्येच अडवणाऱ्या, हसणाऱ्या किंवा आवाज चढवणाऱ्या श्रोत्याला कसे तोंड द्यावे याचा सराव जवळजवळ नाही. पुरुष श्रोते केवळ शेवटच्या रविवारी बोलावले जातात आणि तेही निमंत्रित, सौजन्याने ऐकणारे. सुरक्षित वातावरणातून बाहेरच्या सभेत जाण्यासाठी मधली एक पायरी हवी. निदान दोन रविवार मिश्र श्रोत्यांपुढे, उलट प्रश्नांसह व्हायला हवेत. ही सूचना मी बाईंना दिली असून त्यांनी ती लिहून घेतली आहे.

निवेदन किंवा सूत्रसंचालन शिकायचे असेल तर हा वर्ग उपयोगाचा नाही. पालक-शिक्षक संघात, स्वयंसाहाय्य गटात किंवा ग्रामसभेत आपला मुद्दा दोन-तीन मिनिटांत मांडायचा असेल तर मी तो निःशंकपणे सुचवीन. फोंडा बसस्थानकावरून तेथे चालत जाता येते. पुढची तुकडी चतुर्थीनंतर सुरू होणार असून नाव नोंदवताना आपल्याला कोणत्या सभेत, कोणता प्रश्न विचारायचा आहे ते लिहून द्यावे लागते.