रुळांवरची ट्रॉली की अंगावरचा स्टेडिकॅम?
हलता पण न थरथरणारा शॉट हवा असेल, तर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रूळ अंथरून त्यावर ट्रॉली ढकलणे हाच भरवशाचा मार्ग होता. फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन यांनी स्टेडिकॅम, म्हणजे कॅमेरा अंगावर बांधून चालता येईल असा आधार, घडवला आणि कॅमेऱ्याला चालणाऱ्या माणसाचे पाय मिळाले.

ब्राउन यांची युक्ती मोटारीवर नव्हे, तर वजनाच्या मांडणीवर उभी आहे: दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी व मॉनिटर, गुरुत्वमध्याजवळ बोटांनी हलकेच धरायचा सांधा, आणि चालकाच्या जाकिटाला जोडलेला स्प्रिंगचा हात, जो पावलांचे हिसके गिळून टाकतो. ट्रॉलीला जिना चढता येत नाही; स्टेडिकॅम मात्र १९७६ च्या 'रॉकी' चित्रपटात फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवर नायकासोबत गेला.

म्हणून ट्रॉली निकालात निघाली असे मुळीच नाही. तोच शॉट तंतोतंत पुन्हा घ्यायचा असेल, किंवा शेवटी कॅमेरा खिळल्यासारखा थांबायला हवा असेल, तर रूळच बरे; स्टेडिकॅम थांबवताना कसलेल्या चालकाचाही कस लागतो, शिवाय सारा भार त्याच्या कंबरेवर येतो तो वेगळाच. गंमत म्हणजे 'द शायनिंग' या चित्रपटात तीनचाकीवरच्या मुलाचा पाठलाग करताना खुद्द ब्राउन स्टेडिकॅमसह व्हीलचेअरवर बसले होते. सपाट, लांब मार्ग असेल तर मी ट्रॉलीच मागवीन. दारे, वळणे आणि जिने आले की स्टेडिकॅमला तोड नाही.